चिंचेखाली माय उभी

लग्न कोणाचंही असो, आमच्या भागात नवरी गाडीत बसायच्या आधी एक गाणं वाजतंच. ते वाजल्याशिवाय नवरीच्या आईला रडू फुटत नाही. माझा धंदा मंडप-डेकोरेशन आणि साउंडचा. पवनीपासून लाखांदूरपर्यंत माझे भोंगे वाजलेले आहेत, त्यामुळे हे गाणं मी जितक्या तऱ्हांनी ऐकलं तितकं क्वचितच कोणी ऐकलं असेल. बँडवाल्यांचं ऐकलं, ऑर्केस्ट्राचं ऐकलं, कॅसेटच्या जमान्यातलं घोगरं ऐकलं, आताचं छाती हादरवणारं डीजेचंही ऐकलं. निवडणुकीच्या जीपवरसुद्धा ऐकलं. एका भजनी मंडळाने तर गाण्यातल्या नावाड्याला, डोंगेवाल्याला काढून त्याच्या जागी देव बसवला. गाणं तेच, चाल तीच.

आन रे डोंगा, डोंगेवाल्या, आन रे या तीराले
बहू दिवस झाले भेटली नाही मी माह्या मायले

कॅसेटच्या खोक्यावर, पडद्यावर, सगळीकडे खाली लिहिलेलं असायचं: पारंपरिक. ते मी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ज्या बाईचं हे गाणं होतं ती तंबाखूच्या गुडाखूचं बोट हिरडीवर फिरवत म्हणाली होती, "म्हंजे जुनं ना? मी एवढी म्हातारी दिसतो काय गा?"

ही आमची भागरता आत्या. माझ्या बापाची सख्खी बहीण नव्हे. उमरघाटची लेक होती, म्हणून उमरघाटच्या सगळ्या पोरांची आत्या. लग्न होऊन नदीपलीकडे गेली, थोड्याच वर्षांत नवरा गेला, आणि कडेवरच्या मोरूला घेऊन डोंग्यातून परत माहेरी आली. भावांनी तिला घर दिलं, भातशेताची एक बांधी दिली आणि पुन्हा कोणी तिच्यापुढे दुसऱ्या घराचा विषय काढला नाही. बाईच्या जातीला माहेर चार दिवसांचं असतं म्हणतात, आत्याने ते जन्मभर पुरवलं. त्याचा तिला कोण अभिमान! गावातल्या सासुरवाशिणींना ती चिडवायची, "तुमी सासरी राह्यता वो, मी तं अजून मायच्या घरी हावो."

आत्या दिसायला काही विशेष नव्हती. ठेंगणी, काळी, कपाळावर गोंदण, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिचा भाव वधारायचा. धानाचा रोवणा म्हणजे दिवसभर चिखलात कंबर मोडून उभं राहणं. हातात पऱ्ह्याची, कोवळ्या रोपांची पेंडी, डोक्यावर पाऊस, आणि मागे मागे सरकायचं. गाणं नसेल तर बायांचे हात दुपारनंतर जड होतात. म्हणून ज्याच्या बांधीत रोवणा असेल तो शेतमालक सकाळीच आत्याच्या दारात उभा. आत्या एकदा बांधीत उतरली की ओळीतल्या तीस बाया तिच्या गळ्याबरोबर सरकायच्या. पाय चिखलातून उपसताना जो आवाज होतो तोच तिचा ठेका. दुसरं वाद्य तिने कधी मागितलं नाही.

डोंगेवाल्याच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी तिच्या आईच्या होत्या. पुढचं तिने स्वतः जोडलं होतं, ती नवऱ्याच्या मरणानंतर नदीकाठी डोंग्याची वाट पाहत बसली होती तेव्हा. त्यात डोंगेवाला बाईला विचारतो,

कोन्या गावची लेक वो बाई, कोनता तुहा काठ?

आणि ती सांगते,

चिंचेखाली माय उभी, माहा उमरघाट.

आमच्या घाटावर खरंच चिंच होती. नदीतून येताना गाव दिसायच्या आधी ती दिसायची, आणि तिच्याखाली कोणी ना कोणी कोणाची तरी वाट पाहत असायचंच.

पण आत्याची एक रीत होती. ज्याच्या बांधीत रोवणा, त्याच्या गावाचं नाव शेवटच्या ओळीत घालायचं. आमच्या गावात असली तर उमरघाट, आणि परगावी बोलावलं तर त्या गावाचं. लाखांदूरकडे गेली तर 'लाखांदूरची वाट', करडीकडे गेली तर 'करडीची ही वाट'. आपलं गाव गाण्यात आलं की तिथल्या बाया खुशीत हसायच्या. नवीन बाई ओळीत आली की आत्या तिला आधी हेच शिकवायची. "ज्याच्या चिखलात उभी हाय, त्याच्या गावाचं नाव घे. आपल्याच गावाचं टुमनं लावाचं नाही. नाव घेतलं का जमीन ऐकते."

ही रीत तिने इतक्या बायांना शिकवली, इतक्या गावांत शिकवली, की गाणं तिच्या मुठीतून कधी निसटलं ते कोणालाच कळलं नाही. एका नाटक कंपनीच्या गायकाने ते बांधावर उभं राहून ऐकलं आणि मंचावर म्हटलं. तिथून ते कॅसेटवर गेलं. कॅसेटवरून वरातीत. आणि जिथे जिथे गेलं तिथे लोकांनी रीतीप्रमाणे उमरघाट काढून आपलं गाव घातलं.

तेव्हा त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. उमरघाट होतंच ना जाग्यावर!

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं.

त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी नव्याने काय लिहू? आम्ही ट्रॅक्टरवर छपराचे कवेलू लादले, दारं-चौकटी उपसल्या आणि माळावर आलो. आमच्यासारख्याच बुडालेल्या आणखी गावांचे लोकही तिथेच आले. एका वसाहतीला नाव एकच द्यायचं, आणि ते कोणत्या गावाचं? सभा झाल्या, शिव्या झाल्या, दोनदा कॉलर धरली गेली. शेवटी कोणाचंच नको असं ठरलं आणि रस्त्यावरच्या पाटीवर 'पुनर्वसन' एवढंच राहिलं. एसटीचा कंडक्टर "पुनर्वसनवाले उतरा" म्हणतो, आणि आम्ही उतरतो. गावात झाड नाही. उंच काही आहे तर ती सिमेंटची पाण्याची टाकी. ती पहिल्यापासून गळते, त्यामुळे तिच्याखाली भर उन्हाळ्यातही ओल असते आणि बाया तिथे उभ्या राहून बोलत असतात.

पहिल्याच पावसाळ्यात आमच्या माळालगतच्या एका बांधीत रोवणा होता. आत्याचं गाणं शेवटच्या ओळीला आलं आणि एका पोरीने रीतीप्रमाणे 'पुनर्वसनाची वाट' असं कोंबलं. आत्या जागीच थांबली. सगळी ओळ थांबली. आत्या कंबर सरळ करून म्हणाली, "हे नाही बसत वो. हा साहेबलोकायच्या कागदातला शब्द हाय. मायच्या गावाचं असं नाव राह्यते काय कुठं?" आणि तिने उमरघाट म्हणून ओळ पुरी केली. स्वतःची रीत स्वतः मोडताना तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर ती कुठेही गेली तरी उमरघाटच म्हणायची.

याच दिवसांत तिला माझ्या गोदामात येऊन बसायची सवय लागली. दुपारी जेवण झालं की यायची, घडी घातलेल्या कनातीवर पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "लाव गा दिगू." काय लाव ते सांगायची गरज नसायची. डोंगेवाल्याचं नवीन काही आलं असेल तर मी लावायचो. ती पूर्ण ऐकायची. चांगल्या गळ्याला "गोड हाय पोरगा" म्हणायची, ढोलकी जास्त झाली की कपाळाला आठी पाडायची. शेवटचं कडवं आलं की मान थोडी पुढे. कोणी म्हणायचं 'पाहा वराचा थाट', कोणी 'धरा विकासाची वाट'. गाणं संपायचं. आत्या पदर झटकत उठायची.

"इथंबी नाही."

मला राग यायचा. मी म्हणायचो, आत्या, हे गाणं तुझं आहे, या लोकांना जाऊन सांगू. ती उलट मलाच दटावायची. "कायले सांगतं? त्यायनं त्यायच्या गावाचं नाव घातलं. बरोबर हाय ना. मीच तं तसं शिकवलं." मग म्हणायची, "पन उमरघाटच्या बांधीत आता कोन रोवनार हाय, अन् कोन नाव घेनार हाय?" मी उगीच एखादी वायर तपासत बसायचो.

एकदा मात्र मला आशा वाटली होती. नागपूरहून काही मंडळी आली, लोकगीतं गोळा करणारी. माणसं सज्जन होती. पायातले बूट काढून अंगणात बसली, आत्याला नमस्कार केला. तिला खुर्चीवर बसवलं, समोर माइक उभा केला. आत्याने तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. दोनदा खाकरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोरड्यात माहा गळा लागत नाही गा. पानी टाक." मी अंगणात बादल्या रिकाम्या केल्या. ती खुर्चीवरून उठली, त्या चिखलात उभी राहिली, पाय हलवू लागली, आणि मग जे काही निघालं ते मी जन्मात विसरणार नाही. उमरघाट म्हणताना तिने तो शेवटचा स्वर इतका लांबवला की अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना उपरणी लावली.

पाहुण्यांनी कानाला यंत्र लावून ऐकलं. एक मुलगा अवघडून म्हणाला, "आजी, मागे चपचप आवाज येतोय. पाय न हलवता म्हणता येईल का?"

आत्याने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "पाय थांबले तं गानं कसं चालन बाबू?"

मंडळी चहा पिऊन गेली. पुढे त्यांचं गाणं आलं, एका शहरी मुलीच्या आवाजात. आवाज सुरेख होता, खोटं कशाला बोलू? लाखो लोकांनी ते ऐकलं. मागे सगळं गाणंभर पाण्याचा आवाज होता, मशीनवर तयार केलेला. शेवटचं कडवंच नव्हतं, त्याच्या जागी बासरी होती. आत्याने बासरी संपेपर्यंत वाट पाहिली. "इथंबी नाही," म्हणाली, आणि त्या दिवशी तिला कनातीवरून उठायला माझा हात लागला.

गाणं असं मोठं होत गेलं तशी आत्या लहान होत गेली. लाखांदूरकडच्या एका रोवण्याला ती शेवटची गेली, तेव्हाची गोष्ट मोरूच्या बायकोने सांगितली. ओळीत सगळ्या नव्या पोरी. त्यांनी डीजेच्या चालीवर गाणं धरलं. आत्या आपल्या संथ चालीत गाऊ लागली, तर शेजारची पोरगी प्रेमाने म्हणाली, "आजी, तुमी चुकून राहिल्या. ते गानं असं नाही हाय. थांबा, मी शिकवतो." आत्याने शिकून घेतलं. घरी येऊन सुनेला म्हणाली, "पोरगी चांगली होती वो. मले एक शब्द वाकडा नाही बोलली." आणि पुढच्या वर्षी कमर दुखते सांगून रोवण्याला जायचं तिने बंद केलं.

आता राहिली ती पल्लवी. मोरूची मुलगी, आत्याची नात. पुनर्वसनातच जन्मलेली, हुशार, तोंडाने फटकळ, आणि आजीवर जीव टाकणारी. तिचं लग्न करडीकडच्या एका चांगल्या घरी जमलं. आता लग्नांत गाण्याची अशी तऱ्हा पडली आहे, की गाणं मशीनवर वाजतं, पण शेवटच्या कडव्याला साउंडवाला आवाज खाली घेतो आणि नवरीकडची वडीलधारी बाई माइकवर ते म्हणते, नवरीच्या गावाचं नाव घालून. ते नाव ऐकूनच नवरी गाडीत बसते. म्हणजे आमच्या आत्याचीच रीत, फक्त बांधीतून मंडपात आलेली.

लग्नाच्या आधी पल्लवी आजीसोबत गोदामात आली होती, खुर्च्यांची कव्हरं पसंत करायला. बोलता बोलता म्हणाली, "आजी, माह्या लग्नात तूच म्हनजो."

"म्हनीन ना. मी नाही तं कोन म्हनन?"

"पन उमरघाट नको म्हनू."

आत्याचं गुडाखूचं बोट थांबलं.

"मी उमरघाट पाह्यलंच नाही आजी," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट ती अजीजीने बोलत होती. "चिंच कशी होती तेबी मले मालूम नाही. मी सासरी गेली अन् मले मायची आठवन आली, तं मी काय पान्यातल्या गावाकडं पाहू? मले तं टाकी दिसन."

"चूप राय," आत्या म्हणाली. "मी नाव नाही घेतलं तं ते गाव मरन. समजते का तुले? दुसऱ्या कोनाच्याच तोंडात नाही राह्यलं ते."

पल्लवी रडत निघून गेली. आत्या कनातीवर बसून राहिली. मी गाणं लावू का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाली. त्या दिवसापासून लग्नापर्यंत ती गोदामात आली नाही. मला मात्र घोर लागला. आत्याने उमरघाट म्हटलं तर पोरगी भर मंडपात मोडून पडणार, आणि नाही म्हटलं तर आत्या.

लग्न दुपारचं होतं. मंडप टाकीच्या बाजूच्या मैदानात, कारण दुसरी मोकळी जागा आमच्याकडे नाही. मी स्वतः सतरंज्या अंथरल्या. स्टेजच्या बाजूला खाली, कोणाच्या पायात येणार नाही अशी पाण्याची बादली भरून ठेवली आणि तेवढी जागा सतरंजी दुमडून मातीची ठेवली. आत्याला कोरड्यात गळा लागत नाही हे मला ठाऊक होतं.

जेवणावळी झाल्या, आहेर झाले. गाडीला फुलं लागली. मी गाणं सुरू केलं. पोरं थोडी नाचली, मग बाया रडू लागल्या, आणि शेवटच्या कडव्याला मी आवाज खाली घेतला. मोरूने आत्याला धरून आणलं. नवं लुगडं तिला जड होत होतं. मी बादली उचलली तशी तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे गा दिगू," ती म्हणाली. "पानी बहू झालं आता."

मी बादली खाली ठेवली. आत्या सतरंजीवर, कोरड्यात उभी राहिली. पाय हलले नाहीत. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

कोन्या गावची लेक वो बाई, कोनतं तुहं अंगन?

मी चमकलो. तिथे 'काठ' यायला पाहिजे होता. पल्लवीनेही मान वर केली. आत्या नातीकडे बघत होती.

टाकीखाली माय उभी, माहं पुनर्वसन.

मग पोरांनी एकदम टाळ्या-शिट्ट्यांचा गदारोळ केला. त्यांच्या गावाचं नाव त्या गाण्यात पहिल्यांदाच आलं होतं, त्यांना आनंद होणारच. पल्लवी धावत येऊन आजीच्या गळ्यात पडली आणि अशी रडली की तिची मेंदी आजीच्या लुगड्याला घासली गेली. फक्त मागच्या खुर्च्यांवरचे उमरघाटचे म्हातारे होते ते एकमेकांकडे न बघता जमिनीकडे बघत बसले. मीही त्यांच्यातलाच. मला वाटलं, आपलं गाव पाण्यात गेलं ते त्या साली नव्हे, आता गेलं.

आत्याने माइक माझ्या हातात दिला.

"बसलं ना गा?" तिने विचारलं.

तो अवघड, लांबलचक, सरकारी शब्द तिने अंगणाशेजारी असा बसवला होता की जणू आईने तान्ह्याला पाटावर बसवावं. मी म्हणालो, "बसलं, आत्या."

"मंग झालं. पोरीले माहेर तं पायजे ना बाप्पा."

त्या पावसाळ्यात रोवण्याची घाई सुरू व्हायच्या आधीच आत्या गेली. फार दुखणं नव्हतं. पल्लवी आली तेव्हा टाकी दिसल्यापासूनच हंबरडा फोडत आली असं तिचा नवरा सांगत होता. आता आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात टाकीखालची ओळच म्हणतात. शेजारच्या वसाहतीनेही ती उचलली आहे, तिथेही टाकीच आहे. पाण्यातून उठून आलेल्या जितक्या वस्त्या आहेत तितक्या ठिकाणी ती जाईल असं दिसतं. खाली लिहिलेलं असतं, पारंपरिक.

मला आत्या आठवते ती लग्नाच्या त्या दुपारची. पल्लवीची गाडी फाट्याकडे वळली होती. माणसं पांगली होती, आचारी भांडी गोळा करत होता. मी वायरी गुंडाळत होतो. सहज मान वर केली तर आत्या टाकीखाली उभी. एक हात खांबाला लावलेला. चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या आणि टाकीच्या गळतीने जो चिखल झाला होता त्यात तिचे पाय घोट्यापर्यंत होते. एक पाय उपसत होती, ठेवत होती, मग दुसरा. तोंड नदीच्या दिशेला. तिचे ओठ हलत होते.

माझा जनरेटर चालू होता, काही ऐकू येईना. हातातली वायर टाकून मी तो बंद करायला धावलो. बंद करून वळलो तोवर आत्याचे ओठ मिटले होते आणि ती खांबाला धरून चपलेत पाय घालत होती.